फुप्फुस संक्रामणे, प्रतिरक्षान्यून व्यक्तींतील

शरीराची प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) दुर्बल झालेल्या व्यक्तींना सूक्ष्मजंतू, विषाणू, कवके व परजीवी यांच्यामुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या गंभीर रोगांचा या नोंदीत विचार केला असून त्यांतही निदानावर भर दिला आहे. महाराष्ट्रातील जिल्हा-पातळीवरील स्थितीचे उदाहरण म्हणून आवश्यक तेथे सोलापूर जिल्ह्याचा उल्लेख केला आहे.

फुप्फुसांच्या संक्रामणाची (संसर्गाची) जी लक्षणे सर्वसाधारणपणे ओळखीची आहेत, म्हणजे थंडी वाजून येणारा ताप, पूयुक्त बेडका, छातीत दुखणे व क्ष-किरण चित्रात दिसणारी दाट छाया, ती बव्हंशी रोगजंतूने निर्माण केलेली नसून जंतूच्या आक्रमणाला शरीराने दिलेल्या प्रतिसादाची चिन्हे होत. पू हा प्रामुख्याने मृत श्वेतकोशिकांचा (पांढऱ्या पेशींचा) संचय असतो. ज्याच्या रक्तात श्वेतकोशिकाच उरलेल्या नाहीत त्याच्या फुप्फुसात जंतू असंख्य असले, तरी पू जवळजवळ तयार होत नाही. प्रतिरक्षा दुर्बल असता रोग अधिक तीव्र आणि त्याची चिन्हे मात्र अधिक सौम्य, असा विरोधाभास त्यामुळे उत्पन्न होतो. या विषयातील निदानाची सर्व पद्धती या एका गोष्टीवर आधारलेली आहे : चिन्हांचा अभाव हा रोगाच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही.

प्रतिरक्षा-न्यूनतेचे प्रकार : प्रतिरक्षा ही एकच शक्ती नसून अनेक यंत्रणांचा समुच्चय आहे. त्यांपैकी कोणती यंत्रणा दुबळी झाली आहे, यावरून कोणत्या रोगजंतूची शंका प्रथम घ्यावयाची हे ठरते. म्हणून निदानाचा आरंभ रोग्याच्या फुप्फुसापासून नव्हे, तर त्याच्या प्रतिरक्षेच्या इतिहासापासून होतो.

(१) उदासीनरंजी श्वेतकोशिकांची (न्यूट्रोफिलांची) कमतरता : कर्करोगावरील रासायनिक चिकित्सा व रक्तार्बुद (रक्ताचा कर्करोग) ही याची प्रमुख कारणे होत. दर घन मिमी. रक्तात या कोशिकांची संख्या ५०० च्या खाली गेल्यास सूक्ष्मजंतूंचा, आणि ही स्थिती बरेच दिवस टिकल्यास ॲस्परजिलससारख्या कवकांचा धोका फार वाढतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय असून भारतातील ग्रामीण लोकसंख्येवर आधारित अशी पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तेथेच सुरू झाली. रासायनिक चिकित्सा घेऊन खेड्यातील घरी परतलेला रोगी आणि त्याला आठ-दहा दिवसांनी आलेला ताप, हा प्रसंग त्यामुळे अशा जिल्ह्यातील वैद्याला अपरिचित राहू शकत नाही.

(२) टी-लसीका कोशिकांची दुर्बलता : एचआयव्ही (मानवी प्रतिरक्षा-न्यूनता विषाणू) संक्रामण, इंद्रिय प्रतिरोपणानंतर दिली जाणारी प्रतिरक्षा-दमनकारी औषधे व दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे यांमुळे ती उद्भवते. एचआयव्हीबाधितांत सीडी ४ कोशिकांच्या संख्येवरून तिची तीव्रता मोजतात. निरोगी प्रौढात दर घन मिमी. मध्ये सामान्यतः ५०० ते १,५०० इतक्या असणाऱ्या या कोशिका २०० च्या खाली गेल्यास न्यूमोसिस्टिसजन्य फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) होण्याचा संभव वाढतो. १०० च्या खाली क्रिप्टोकॉकस व ५० च्या खाली सायटोमेगॅलो विषाणू यांचा विचार करावा लागतो. क्षयरोग मात्र कोणत्याही संख्येला होऊ शकतो.

(३) प्रतिपिंडांची न्यूनता व प्लीहेचा अभाव : अशा व्यक्तींत न्यूमोकॉकससारखे संपुट (बाह्य आवरण) असलेले सूक्ष्मजंतू काही तासांत प्राणघातक स्थिती निर्माण करू शकतात.

(४) संमिश्र कारणे : अनियंत्रित मधुमेह, कुपोषण, मूत्रपिंड निकामी होणे, तसेच संधिवाताभ संधिशोथासारख्या रोगांवर दिली जाणारी नवी जैव औषधे यांचा यात समावेश होतो. २०२१ मध्ये करोना साथीच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्यूकर कवकाचा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला, त्यामागे मधुमेह व स्टेरॉइडांचा वापर ही दोन कारणे ठळकपणे दिसून आली. त्यांतील बहुसंख्य रोग्यांत नाक, नाकालगतची अस्थिविवरे व डोळा ही स्थाने ग्रासलेली होती; तथापि हेच कवक फुप्फुसातही शिरते.

ऐतिहासिक माहिती : या रोगांचे ज्ञान प्रतिरक्षाविषयक घडामोडींबरोबरच वाढत गेले आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला. न्यूमोसिस्टिस हा जीव १९०९–१२ या काळात प्राण्यांच्या फुप्फुसांत आढळला होता; परंतु मानवी रोगाशी असलेला त्याचा संबंध दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपातील कुपोषित व अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या फुप्फुसशोथाचा अभ्यास करताना चेकोस्लोव्हाकियातील संशोधकांनी दाखवून दिला. त्यांपैकी ओटो यिरोव्हेट्स यांचे नाव मानवात रोग उत्पन्न करणाऱ्या जातीला देण्यात आले आहे. हा जीव दीर्घकाळ आदिजीव (प्रोटोझोआ) मानला जात होता. १९८८ मध्ये त्याच्या रिबोन्यूक्लिइक अम्लाच्या अभ्यासावरून तो कवक असल्याचे निश्चित झाले. जून १९८१ मध्ये लॉस अँजेल्स येथील पूर्वी निरोगी असलेल्या पाच तरुणांत हाच फुप्फुसशोथ आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले व त्यातून एड्स या नव्या रोगाची ओळख जगाला झाली. भारतात एचआयव्ही संक्रामण प्रथम १९८६ मध्ये उघडकीस आले.

पाश्चात्त्य देशांतील अनुभव भारतात जसाच्या तसा लागू पडत नाही, हे मुंबईतील शवपरीक्षांनी स्पष्ट केले. सर ज. जी. रुग्णालयात १९८८–२००० या काळात केलेल्या १४३ शवपरीक्षांचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ५९ टक्के मृतांच्या फुप्फुसांत क्षयरोग आढळला, तर न्यूमोसिस्टिसचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. काही फुप्फुसांत एकाच वेळी दोन किंवा अधिक संक्रामणे होती. यावरून दोन नियम निघतात : महाराष्ट्रात प्रतिरक्षान्यून रोग्याच्या फुप्फुसविकारात क्षयरोग वगळला गेल्याखेरीज निदान पूर्ण मानू नये, आणि एक जंतू सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवू नये.

लक्षणांचे बदललेले स्वरूप : प्रतिरक्षा शाबूत असलेल्या प्रौढातील क्षयरोगात फुप्फुसाच्या वरच्या भागात विवरे (पोकळ्या) पडतात व त्यांतील असंख्य जंतू बेडक्यावाटे बाहेर येतात. विवर हे प्रतिरक्षेच्या तीव्र प्रतिक्रियेनेच ऊतकाचा नाश होऊन निर्माण होते. एचआयव्हीच्या प्रगत अवस्थेत ही प्रतिक्रिया होत नसल्यामुळे विवरे पडत नाहीत, बेडक्यात जंतू कमी असतात आणि सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षा नकारात्मक येते. क्ष-किरण चित्रात छाया फुप्फुसाच्या खालच्या भागात, केवळ छातीतील लसीका ग्रंथींच्या वाढीच्या रूपात, अथवा बाजरीच्या दाण्यांसारखी सर्वत्र विखुरलेली दिसते. क्वचित चित्र पूर्णपणे प्राकृतही असते. न्यूमोसिस्टिसच्या रोग्याला कोरडा खोकला व श्रमाने लागणारा दम एवढ्याच तक्रारी कित्येक आठवडे असू शकतात; श्रवणयंत्राने छाती तपासता काहीही विशेष ऐकू येत नाही. स्टेरॉइडे घेणाऱ्या रोग्याला ताप येईलच असे नाही.

व्यवसायामुळेही दिशाभूल होते. सोलापूर हे कापड गिरण्या, यंत्रमाग व विडी उद्योग यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. कापसाच्या वा तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्याचा खोकला नेहमीचाच समजून तिकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकारात छाती आवळल्याची भावना साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी अधिक जाणवते. त्याच्याबरोबर ताप, रात्रीचा घाम व वजनातील घट नसते. हा फरक केवळ विचारपूस करून कळण्याजोगा आहे.

निदानाच्या पायऱ्या : रोग्याची माहिती घेताना चालू व मागील औषधे, मधुमेह, पूर्वीचा क्षयरोग, घरातील क्षयरोगी, प्रवास, शेतीकाम व पाळीव पक्षी यांबाबत विचारणा करतात. लक्षणे किती काळात वाढली यालाही महत्त्व आहे. काही तासांत वा एक-दोन दिवसांत वाढलेला रोग बहुधा सूक्ष्मजंतूंमुळे किंवा विषाणूंमुळे, तर आठवड्यांनी वाढलेला क्षयजंतू, कवक वा नोकार्डिया यांमुळे असतो. ज्या फुप्फुसशोथाच्या रोग्याची एचआयव्ही स्थिती माहीत नाही, त्याची ती परीक्षा त्याच्या संमतीने करणे हा निदानाचाच भाग आहे.

बोटाला लावावयाच्या साध्या उपकरणाने रक्तातील ऑक्सिजन-संपृक्तता मोजतात. विश्रांतीत प्राकृत असलेली संपृक्तता थोडे चालल्यावर घसरली, तर क्ष-किरण चित्र स्वच्छ असूनही न्यूमोसिस्टिसची दाट शंका घ्यावी लागते. संगणकीय छेदचित्रणाने (सीटी स्कॅन) क्ष-किरणांना न दिसणाऱ्या विकृती दिसतात. दोन्ही फुप्फुसांत काचेवर धरलेल्या धुक्यासारखी पसरलेली छाया न्यूमोसिस्टिस वा विषाणू सुचविते. गाठीभोवतीचे फिकट वलय ॲस्परजिलस सुचविते. उलट मध्ये फिकट व कडेला दाट असे वलय म्यूकर गटाच्या कवकांत आढळते. ही चित्रे केवळ सूचक असतात. निश्चित निदान रोगस्थानातून मिळविलेल्या नमुन्यावरच अवलंबून असते.

नमुना मिळविणे : बेडका ही सर्वांत सुलभ सामग्री होय. तो पडत नसल्यास ३ टक्के वा त्याहून अधिक तीव्रतेच्या मिठाच्या पाण्याचा फवारा हुंगण्यास देऊन तो पाडता येतो. या वेळी खोली हवेशीर असणे व कर्मचाऱ्यांनी क्षयजंतूंपासून संरक्षण घेणे आवश्यक असते. त्यानेही उलगडा न झाल्यास श्वासनलिका परीक्षा करतात. जपानमधील शिगेतो इकेदा यांनी १९६० नंतरच्या दशकात लवचिक तंतुप्रकाशीय श्वासनलिकादर्शक प्रचारात आणला. या नळीवाटे फुप्फुसाच्या एका खंडात निर्जंतुक लवणजल सोडून ते परत शोषून घेतात. वायुकोशांपर्यंत पोहोचलेल्या या प्रक्षालित द्रवात तेथील जंतू मिळतात. एचआयव्हीबाधितांतील न्यूमोसिस्टिस या पद्धतीने दहांपैकी नऊ किंवा अधिक रोग्यांत ओळखता येतो. रोग्याचा ऑक्सिजन फार कमी असल्यास ही परीक्षाच धोकादायक ठरते आणि बिंबाणू (रक्त साखळण्यास मदत करणाऱ्या कोशिका) कमी असल्यास ऊतकाचा तुकडा काढणे टाळावे लागते. म्हणून परीक्षा लवकर, रोगी ती सोसू शकेल तेव्हाच, करणे इष्ट असते.

प्रयोगशालीय परीक्षा : झील-नेल्सन रंजनाने क्षयजंतू दिसण्यासाठी दर मिलि. बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. संवर्धनास याहून पुष्कळच कमी जंतू पुरतात. परंतु अंडमिश्रित घन माध्यमावर त्यांची वाढ दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. द्रव माध्यमाने हा काळ बराच कमी झाला असला, तरी अत्यवस्थ रोग्याच्या दृष्टीने तोही दीर्घच होय. जंतूच्या जननिक द्रव्याचे प्रवर्धन (प्रती वाढविणे) करणाऱ्या स्वयंचलित परीक्षेने ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारस केलेली एक्सपर्ट परीक्षा (भारतात रूढ नाव सीबीनॅट) सुमारे दोन तासांत क्षयजंतूचे अस्तित्व व रिफाम्पिसीन या औषधाला असलेला त्याचा विरोध, ही दोन्ही दाखविते. गोव्यात विकसित झालेल्या व विद्युत् घटावर चालू शकणाऱ्या ट्रूनॅट उपकरणास संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली. एचआयव्हीच्या प्रगत अवस्थेतील रोग्याच्या मूत्रात क्षयजंतूच्या भित्तीतील लायपोॲरॅबिनोमॅनन हे द्रव्य एका कागदी पट्टीने शोधता येते. बेडका न पडणाऱ्या अशक्त रोग्यास ही परीक्षा फार उपयुक्त आहे. ती नकारात्मक आली म्हणून क्षयरोग नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

न्यूमोसिस्टिस नेहमीच्या संवर्धन माध्यमांवर वाढत नाही. रौप्य रंजनाने वा अनुस्फुरक प्रतिपिंडांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. एचआयव्ही नसलेल्या, म्हणजे कर्करोगाच्या वा प्रतिरोपणाच्या, रोग्यांत या जीवांची संख्या कमी व रोगाची गती अधिक असल्याने रंजन पुरे पडत नाही व प्रवर्धन परीक्षेची गरज भासते. कवकांच्या भित्तीतील बीटा-ग्लुकान व ॲस्परजिलसचे गॅलॅक्टोमॅनन ही द्रव्ये रक्तात मोजता येतात. म्यूकर गटाची कवके गॅलॅक्टोमॅनन परीक्षेत सापडत नाहीत. पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात नमुना पाहिल्यास मात्र काही मिनिटांत भेद करता येतो : ॲस्परजिलसचे तंतू अरुंद, पडदेयुक्त व लघुकोनात शाखा फुटलेले, तर म्यूकरचे रुंद, फितीसारखे व जवळजवळ पडदे नसलेले असतात. पहिल्यावर गुणकारी असलेले व्होरिकोनॅझोल दुसऱ्यावर निरुपयोगी असल्याने हा भेद रोग्याच्या जीविताशी निगडित आहे. नोकार्डियाचे शाखायुक्त तंतू सौम्य अम्ल वापरलेल्या रंजनात लाल दिसतात व त्यांची क्षयजंतूंशी गल्लत होऊ शकते. स्टेरॉइडे घेणाऱ्याच्या बेडक्यात स्ट्राँगिलॉइडिस या आंत्रकृमीच्या अळ्या आढळल्यास तो अतिसंक्रामणाचा इशारा समजतात.

निदान व चिकित्सा यांतील कालमर्यादा : उदासीनरंजी कोशिका कमी असलेल्या रोग्यास ताप येताच रक्ताचे नमुने घेऊन, निष्कर्षांची वाट न पाहता, सुमारे तासाभरात व्यापक प्रभावाची प्रतिजैव औषधे सुरू करतात. न्यूमोसिस्टिसची दाट शंका असल्यास को-ट्रायमोक्साझोल लगेच देतात. त्यानंतरही कित्येक दिवस प्रक्षालित द्रवात हा जीव ओळखता येत असल्याने चिकित्सेमुळे निदान हातचे जात नाही. धमनी रक्तातील ऑक्सिजनाचा दाब ७० मिमी. पाऱ्यापेक्षा कमी असल्यास एचआयव्हीबाधितांत स्टेरॉइडही जोडतात.

याउलट, निदानाशिवाय दिलेल्या काही औषधांनी हानी होते. फ्ल्युओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैवे क्षयजंतूंवरही अंशतः परिणाम करतात. साध्या फुप्फुसशोथाकरिता ती दिल्यास क्षयरोग्यास तात्पुरते बरे वाटते, जंतू दिसेनासे होतात आणि निदान लांबणीवर पडते. म्हणून औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी बेडका घेऊन ठेवणे हा सर्वांत स्वस्त व बहुधा सर्वांत मोलाचा नियम होय. तसेच एचआयव्हीविरोधी औषधांनी प्रतिरक्षा सुधारू लागल्यावर पूर्वीची छाया वाढलेली व ताप पुन्हा आलेला दिसू शकतो. ही प्रतिरक्षा-पुनःस्थापनेची प्रतिक्रिया असते. तथापि औषधविरोधी क्षयरोग वा नवे संक्रामण वगळल्यानंतरच तसे म्हणता येते.

जिल्हा-पातळीवरील स्थिती : सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये स्थापन झाले. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय त्यास संलग्न आहे. जिल्ह्याप्रमाणेच शेजारच्या भागांतील रोगीही शहरातील रुग्णालयांचा आश्रय घेतात. भारतात एचआयव्हीविरोधी औषधे शासनातर्फे विनामूल्य देण्यास १ एप्रिल २००४ पासून टप्प्याटप्प्याने प्रारंभ झाला आणि २०१७ पासून सीडी ४ संख्येची अट न ठेवता सर्व बाधितांना ती देण्याचे धोरण आले. त्यामुळे अत्यंत क्षीण प्रतिरक्षेच्या रोग्यांचे प्रमाण घटले असले, तरी उशिरा येणारे व औषधे मध्येच सोडणारे रोगी अद्याप आढळतात.

गॅलॅक्टोमॅनन परीक्षा वा श्वासनलिका परीक्षा तालुक्याच्या ठिकाणी सहसा उपलब्ध नसते. सोलापूर–पुणे हे अंतर सुमारे २५० किमी. आहे, विशेष परीक्षेसाठी नमुना वा रोगी तेवढ्या अंतरावर न्यावा लागल्यास होणारा कालक्षय घातक ठरू शकतो. अशा स्थितीत पहिल्या दिवशी, कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात करता येण्याजोग्या गोष्टींना सर्वाधिक महत्त्व येते : प्रतिरक्षेचा इतिहास विचारणे, विश्रांतीत व चालल्यानंतर ऑक्सिजन मोजणे, क्ष-किरण चित्र घेणे, एचआयव्ही व रक्तशर्करा तपासणे, औषधापूर्वी बेडका घेऊन प्रवर्धन परीक्षेस धाडणे आणि रोगी प्रवास सोसू शकेल अशा अवस्थेतच त्यास मोठ्या रुग्णालयाकडे पाठविणे.

प्रतिबंध : सीडी ४ संख्या कमी असलेल्यांना को-ट्रायमोक्साझोल, क्षयरोग नसल्याची खात्री झाल्यावर क्षयप्रतिबंधक औषधे, न्यूमोकॉकस व इन्फ्ल्यूएंझा यांच्या लसी, मधुमेहाचे नियंत्रण आणि वैद्यकीय देखरेखीवाचून स्टेरॉइडे न घेणे, हे प्रमुख प्रतिबंधक उपाय आहेत. रोग्याने आपल्या औषधांची व पूर्वीच्या रोगांची नोंद असलेला कागद नेहमी जवळ बाळगल्यास अपरिचित वैद्यासही निदानाची दिशा तत्काळ मिळू शकते.

[⟶ एड्स, क्षयरोग, न्यूमोनिया, प्रतिरक्षा, श्वसन तंत्र].